खाल्लं मीठ आणि स्वतःची रेघ : दरोडेखोराची गोष्ट पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी

नव्याने कथा लिहिणाऱ्यांच्या वह्या वाचायला घेतल्या की दर चार-पाच कथांमागे एक दरोडेखोर भेटतो. तो गोरगरिबांचा कैवारी असतो, बायकापोरांना हात लावत नाही. आणि सातव्या-आठव्या पानावर त्याला कळतं की टोळीचा नाईक लबाड आहे, इतरांचा वाटा खातो, कुणाच्या लेकीबाळींकडे वाकड्या नजरेनं बघतो. मग नायक टोळी सोडतो. गोष्ट संपते आणि वाचणाऱ्याला काहीच होत नाही. होणार कसं? लबाड माणसाची साथ सोडायला लागतं काय?

माझं म्हणणं एवढंच आहे, की टोळी सोडणं नायकाला परवडू नये इतकी ती टोळी चांगली असली पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीसाठी आहेत.

उदाहरणांसाठी मी जास्त करून एका जुन्या चिनी कादंबरीकडे जाणार आहे. 'शुईहू जुआन' हे तिचं नाव. बाराव्या शतकातल्या सोंग राजवटीचा काळ, ल्यांगशान डोंगराभोवतीची दलदल आणि तिथे जमलेले १०८ बंडखोर, असा तिचा पसारा. इमान आणि मन यांची ओढाताण तिच्यात इतक्या तऱ्हांनी आली आहे की नवशिक्याला ती एकटीच वर्षभर पुरेल. मध्येमध्ये आपल्याकडचीही माणसं येतील.

१. तो रानात कसा गेला, ते आधी ठरवा

ढोबळ तीन वाटा आहेत. पहिली, ढकललं जाण्याची. 'शुईहू जुआन'मधला लिन चोंग हा राजधानीतल्या फौजेचा हत्यार-शिक्षक. सेनापती गाओ च्योच्या दत्तक मुलाची नजर याच्या बायकोवर पडते, खोटा आळ येतो, काळ्या पाण्यासारखी शिक्षा होते, आणि तिथेही त्याला जाळून मारायचा बेत शिजतो. डोंगराखेरीज त्याला जागाच उरत नाही. अशा माणसाचं इमान उपकाराचं असतं.

दुसरी वाट जन्मानं मिळते. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे त्याची व्याप्ती वाढवत नेली. त्या यादीत जमात आली की पाळण्यातलं मूलही संशयित. हा कायदा १९५२ साली गेला. गावच्या चावडीवर द्यावी लागणारी हजेरी अण्णाभाऊ साठ्यांच्या 'फकिरा'त (१९५९) आहे, ती प्रकरणं सावकाश वाचा. इथे 'टोळी' नावाची वेगळी चीज नसतेच. भावकी, आळी, आजा, चुलता, सगळे तेच. अशा नायकाला 'साथ सोड' म्हणणं म्हणजे 'आईला सोड' म्हणणं.

तिसरी वाट स्वतःच्या पायांनी चालून जाणाऱ्याची. वासुदेव बळवंत फडके पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकून होते. १८७६-७८चा दुष्काळ पाहिला आणि ते रामोशांना घेऊन डोंगरात गेले. अशा माणसाचं इमान आधी कारणाशी असतं, सोबत्यांशी नंतर.

तीनपैकी एकच निवडा. नवे लेखक तिन्ही एकत्र करतात आणि नायकाला इतकी कारणं देतात की त्याच्यावर कशाचीच जबाबदारी उरत नाही.

२. मिठाचा हिशेब मांडा

'निष्ठा' हा शब्द कथेत एकदाही न लिहिण्याचं व्रत घ्या. आपल्याकडे त्यासाठी खाल्ल्या मिठाला जागणं असा चांगला शब्दप्रयोग आहे, आणि मीठ मोजता येतं.

वहीचं एक पान घ्या, त्याचे दोन रकाने पाडा. डावीकडे टोळीनं नायकाला काय दिलं ते लिहा. पोटरीत गोळी लागली तेव्हा कुणी खांद्यावर घेतलं आणि किती कोस. आई वारली तेव्हा याला गावात शिरता येत नव्हतं, मग तिला खांदा कुणी दिला. चावडीत उलटं टांगलं तरी याचं नाव कुणी सांगितलं नाही. उजवीकडे यानं काय फेडलं ते. डावा रकाना नेहमी भारी असू द्या. यातलं कथेत फार तर तिघा-चौघांना जागा मिळेल, पण बाकीचं तुम्हाला माहीत असलं की संवादांना आपोआप वजन येतं.

मिठाची गोष्ट निघालीच आहे तर एक इराणी आख्यायिका सांगतो. चोर रात्री खजिन्यात शिरतो, अंधारात काहीतरी चमकतं, रत्न असेल म्हणून जिभेवर ठेवून बघतो तर मिठाचा खडा. धन्याचं मीठ खाल्लं, आता त्याला लुटायचं कसं, म्हणून सगळं तिथेच टाकून तो रिकाम्या हातांनी निघून जातो. मला ही गोष्ट आवडते, कारण तिच्यात इमान टोळीच्या कुंपणाबाहेर पडतं. लुटायला गेलेल्या घरात नायकानं नकळत पाणी प्यायलं, भाकरीचा तुकडा खाल्ला, तर? एवढ्यावरही एक कथा उभी राहील.

३. आत जायची किंमत विसरू नका

लिन चोंग ल्यांगशानला पोचतो. तिथला त्या वेळचा म्होरक्या वांग लुन. त्याला भीती, की हा हत्यारात आपल्याहून सरस, उद्या डोईजड होईल. म्हणून तो अट घालतो. तीन दिवसांत डोंगराखाली जा, एका माणसाचं मुंडकं आण, म्हणजे तुझं मन आमच्यात आहे हे पटेल. कुणाचं? कुणाचंही. वाटेनं जाणाऱ्या पहिल्या माणसाचं.

आता लिन चोंग काय म्हणतो ते बघा. ज्याच्यासाठी आपला जीव तुटत होता तो हा सज्जन माणूस म्हणतो की हे काही अवघड नाही, कुणी वाटेनं आलंच नाही तर मात्र पंचाईत. पहिल्या दिवशी कुणी येत नाही. दुसऱ्या दिवशी मोठा जथा येतो, एकट्याचं काम नव्हे. तिसऱ्या दिवशी जो येतो तो बरोबरीचा लढवय्या निघतो आणि मुंडक्याचा प्रश्न परस्पर मिटतो. लेखकानं नायकाचे हात योगायोगानं स्वच्छ ठेवले. पण ते तीन दिवस आपण त्याच्याबरोबर वाटेकडे डोळे लावून बसलेलो असतो, कुणीतरी यावं म्हणून. वाचकाला गुन्ह्यात ओढायचं ते असं.

ही अट क्रौर्याच्या हौसेपोटी नसते. ज्याचे हात आपल्याइतकेच बरबटलेत तो फितूर होणार नाही, हा साधा हिशेब त्यामागे असतो. आपल्याकडे बेल-भंडारा उचलून शपथ घ्यायची रीत होती. ती देवाच्या धाकावर चाले. तुमच्या टोळीत काय चालतं ते ठरवा आणि नायकानं ती किंमत मोजल्याचा प्रसंग लिहा. 'तो टोळीत सामील झाला' या चार शब्दांत ते उरकू नका.

४. त्याची एक रेघ आखा

एकच. 'तो मनानं चांगला होता' ही रेघ नव्हे. झोपलेल्या माणसावर वार करत नाही, बियाण्याचं धान्य उचलत नाही, एकदा लुटलेल्या घरी पुन्हा जात नाही, अशी बोटानं दाखवता येईल अशी. आणि ती कुठून आली हे तुम्हाला ठाऊक असू द्या. लहानपणी दारातला बैल कुणी सोडून नेला असेल तर हा माणूस वाडे फोडेल, पण बैलाच्या दाव्याला हात लावणार नाही.

रेघ पहिल्या चतुर्थांशात दिसली पाहिजे, तीही फुकटात पाळता येते अशा प्रसंगी. तिची किंमत पुढे येईल.

५. नाईकाला सडका करू नका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

ल्यांगशानचा पुढचा मोठा नेता सोंग ज्यांग. त्याचं टोपणनाव 'वेळेवरचा पाऊस', यावरून काय ते समजा. मुळात तो तालुक्याच्या कचेरीतला कारकून. मित्रांवर धाड पडणार हे कळताच घोडा फेकत जाऊन त्यांना सावध करतो, म्हणजे मित्रांसाठी कचेरीचं मीठ मोडतो. उदार, नम्र, शब्दाचा पक्का. त्याच्यासाठी माणसं जीव देतात आणि ते आपल्याला पटतं.

आता याच माणसाच्या टोळीचं एक काम ऐका. जू थोंग हा त्यांचा जुना उपकारकर्ता. त्यानं त्यांच्यातल्या एकाला कैदेतून निसटू दिलं, म्हणून तो स्वतः शिक्षा भोगतोय. तिथल्या सुभेदाराच्या चार वर्षांच्या पोराला त्याचा लळा लागलाय. पोर त्याच्याच कडेवर असतं. डोंगरावरच्यांना वाटतं की या माणसाचे उपकार फेडावेत, त्याला आपल्यात आणून मानानं बसवावं. तो यायला तयार नाही, शिक्षा संपवून घरी जाईन म्हणतो. सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला नदीवर दिवे सोडायचा सण असतो. जू थोंग पोराला खांद्यावर घेऊन दिवे दाखवायला जातो. त्याला बोलण्यात गुंतवून बाजूला नेतात आणि तेवढ्यात टोळीतलाच ली क्वेई त्या पोराला पळवून रानात ठार मारतो. आता जू थोंगला सुभेदाराकडे परतायची वाटच उरली नाही. आला डोंगरावर.

या प्रसंगात टोळीतला कुणीही स्वतःच्या मते वाईट वागलेला नाही. उपकार फेडायचा होता. ली क्वेईनं वरचा हुकूम पाळला. जू थोंग संतापतो, ली क्वेईला मारा तरच येतो म्हणतो. अखेर ली क्वेईला काही दिवस दुसरीकडे ठेवायचं ठरतं आणि तो जातो. पुढे त्यांच्यातच राहतो, त्यांच्या बाजूनं लढतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला जू थोंगचाच राग आला होता. गेला कसा? नंतर वाटलं, हा राग यावा म्हणूनच ते लिहिलंय.

तर तुमच्या नाईकाला वाटा खाऊ देऊ नका. तो उदार असू द्या, नायकावर त्याचा खरा जीव असू द्या, आणि त्या जीव लावण्यातूनच नायकाची रेघ ओलांडायची वेळ येऊ द्या. दुष्ट नाईक नायकाची सुटका करतो, मायाळू नाईक करत नाही.

आणखी एक बारकावा. टोळी बदलते ती शब्दांतून. सोंग ज्यांगच्या आधीचा म्होरक्या मरतो आणि याच्या हाती कारभार येतो तेव्हा तो सभागृहाच्या नावात एक शब्द घालतो. आधी तिथे फक्त न्यायासाठी जमण्याची भाषा होती, आता राजाशी इमानाचा शब्द येतो. पाटी बदलली, इतकंच. पुढची सगळी शोकांतिका त्या पाटीत आहे. तुमच्या टोळीत घोषणा, शिवी, देवाचं नाव, काहीतरी असं हळूच बदलू द्या.

६. वाल्याचा प्रश्न विचारा

वाल्या कोळी आपण शाळेत इतक्या वेळा ऐकला की त्यातली धार गेली. वाल्याचा वाल्मीकी झाला, संपलं. पण गोष्टीचा गाभा तपश्चर्येत नाही, उंबऱ्यात आहे. नारद विचारतो, हे पाप ज्यांच्यासाठी करतोस ते त्याचे वाटेकरी होतील का? वाल्या घरी जाऊन विचारतो. बायको-पोरं म्हणतात, आम्हाला पोसणं तुमचं काम, ते कसं करता ते तुमचं तुम्ही बघा.

लुटीला वाटेकरी आहेत, पापाला नाहीत. तुमच्या नायकाला हा प्रश्न कुणाला तरी विचारावाच लागेल. बायकोला, धाकट्या भावाला, नाईकाला. मात्र तोंडानं नको. पाप, पुण्य, प्रायश्चित्त हे शब्द बाजूला ठेवून विचारता आला तर उत्तम. आणि तो रांजण आठवा, खुनागणिक एक खडा टाकून भरलेला. मनातली टोचणी डोळ्यांना दिसावी म्हणून केलेली इतकी साधी योजना मला दुसरीकडे आढळली नाही. तसलं काहीतरी आपलं शोधा; रांजण मात्र उचलू नका, लगेच ओळखू येईल.

७. टोळीच्या मागे कोण आहे ते ठरवा

हे थोडक्यात. एरिक हॉब्सबॉम या इतिहासकारानं १९६९च्या पुस्तकात 'सामाजिक दरोडेखोर' ही कल्पना सविस्तर मांडली: सरकारच्या लेखी गुन्हेगार, गावाच्या लेखी वीर. १९७२मध्ये अँटन ब्लोकनं तिला हरकत घेतली की असे कितीतरी दरोडेखोर प्रत्यक्षात जमीनदारांच्याच आसऱ्यानं जगले आणि कुळांना धाकात ठेवायच्या कामी आले. तुम्हाला बाजू घ्यायची गरज नाही. पण तुमच्या टोळीला दारूगोळा कोण पुरवतं आणि लुटीचं सोनं कोण वितळवून घेतं, हे ठरवलंत की नायकाचं पुण्य आपोआप पातळ होतं. ते होऊ द्या.

८. गाठ कशी सुटते

नवे लेखक दोनच वाटा बघतात, पळून जाणं किंवा मरणं. आहेत त्याहून जास्त.

फितुरी आहे. उमाजी नाईकांना धरून देण्यासाठी सरकारनं रोख रक्कम आणि जमीन लावली होती. ते पकडले गेले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी गेले. फितूर नेहमी हावरट दाखवला जातो. त्याच्या दारात भुकेलं पोर उभं करून बघा. त्याच्या शेजारीच माफीचा साक्षीदार बसतो: सगळं खरं बोलतो, कायदा त्याला सोडतो, आणि त्याचं खरं बोलणं हीच त्याची गद्दारी. कथेला याहून चांगला माणूस मिळणार नाही, तरी मराठीत तो फारसा कुणी लिहीत नाही.

उबग आहे. फडक्यांनी १८७९च्या फेब्रुवारीत शिरूर तालुक्यातल्या धामारीवर पहिला दरोडा घातला. लुटीतून फौज उभी करायची, राज्य उलथायचं, हा त्यांचा बेत. सोबत्यांचं लक्ष लुटीवर राहिलं, याची खंत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. दुष्काळानं होरपळलेल्या माणसाला आधी धान्य दिसावं यात नवल नाही, पण तो विचार त्या खंतीत कमी दिसतो. विटून ते श्रीशैलला मल्लिकार्जुनापाशी गेले. पुढे नवी माणसं जमवायच्या खटपटीत असताना जुलैत पकडले गेले. एकाच टोळीत दोन प्रकारची भूक, आणि कुणीच खोटं नाही.

स्वतःला हवाली करणं आहे. फकिराला धरण्यासाठी त्याच्या माणसांना कोंडलं जातं आणि तो स्वतःहून पुढे येतो. इथे इमान आणि मन एकाच दिशेला ओढतात, आणि किंमत म्हणजे तो स्वतः.

आणि सगळ्यांनी मिळून शस्त्रं ठेवणं आहे. चंबळच्या खोऱ्यात १९६० साली विनोबांपुढे वीस जणांनी, आणि १९७२च्या एप्रिलमध्ये जौरा इथे जयप्रकाश नारायणांच्या पुढाकारानं मोहरसिंग, माधोसिंग यांच्यासारख्या म्होरक्यांनी आपापल्या टोळ्यांसह बंदुका ठेवल्या. ते स्वतःला डाकू म्हणवून घेत नसत, बागी म्हणत. फाशी नको, अशी बोलणी आधी झालेली. पुढे मुंगावलीला त्यांच्यातल्या अनेकांसाठी खुला तुरुंग झाला. म्होरक्याच बंदूक ठेवतो म्हटल्यावर मागच्याला फितूर कोण म्हणणार? इमान शाबूत राहतं. पण त्या रांगेत एखाद्याला बंदूक ठेवायची नसेल, केवळ म्होरक्याच्या शब्दाखातर तो उभा असेल, तर? तिथून लिहायला लागा.

९. त्यांना भाषण करू देऊ नका

'नाईक, माझा अंतरात्मा मला हे करू देत नाही' असं कुणी कुणाला म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही. तेच असं लिहून बघा:

नाईकानं धोतराच्या पदरावर पाच ढीग केले. चौघांनी आपापले उचलले. म्हादू बसून राहिला.

"कमी वाटतुया?"

"न्हाई."

"मग?"

"त्यातला वाळा लई बारका हाय."

नाईकानं वाळा उचलला, बोटात फिरवून बघितला आणि स्वतःच्या ढिगात टाकला. आपल्यातली एक पुतळी काढून म्हादूच्या ढिगावर ठेवली.

"आता घे."

नाईक चुकला का? त्यानं तर पदरचं तोडून दिलं. म्हादूनं पुतळी घेतली तर वाळा विसरला, नाही घेतली तर नाईकाचा हात झिडकारला. वाळा कुणाच्या पायातला होता हे कुणीही बोलत नाही आणि तुम्हीही सांगू नका. बोलीचा मोह आवरा. दोन-चार शब्दांत गाव कळतं, पानभर बोली लिहिलीत तर चुकाच जास्त होतील.

१०. शेवट दोनदा लिहा

'शुईहू जुआन'ला खरंच दोन शेवट आहेत. मोठ्या आवृत्त्यांत ल्यांगशानचे लोक बादशहाची माफी पत्करतात, त्याच्या वतीनं दुसऱ्या बंडखोरांशी लढतात आणि त्यात बहुतेक संपतात. १६४१च्या सुमारास जिन शेंगथान या टीकाकारानं हा सगळा भाग कापून टाकला आणि १०८ जण एकत्र जमतात तिथेच, एका दुःस्वप्नावर, कादंबरी थांबवली. त्याला सोंग ज्यांगचा मनस्वी तिटकारा होता. त्याची आवृत्ती पुढे शतकानुशतकं चालली. तुमच्या कथेचा शेवटचा तिसरा भाग असाच कापून बघा. कधीकधी कथा तिथेच संपलेली असते.

पण कापलेल्या भागात एक प्रसंग आहे आणि माझा सराव म्हणून मी तोच देतो. दरबारातले लोक सोंग ज्यांगला विषारी मद्य पाठवतात. ते प्यायल्यावर त्याला कळतं. त्याला भीती स्वतःच्या मरणाची नसते. हे ऐकून ली क्वेई बंड करील आणि ल्यांगशानचं राजनिष्ठेचं नाव बुडवील, याची असते. म्हणून तो ली क्वेईला बोलावून घेतो, जेवू घालतो, आणि तेच मद्य पाजतो. दुसऱ्या दिवशी, निरोपाच्या वेळी, खरं सांगतो. ली क्वेईच्या डोळ्यांत पाणी येतं. तो म्हणतो की जिवंतपणी दादाची चाकरी केली, मेल्यावरही त्याच्याच हाताखालचा एक लहानसा भूत होऊन राहीन.

हीच दोन माणसं आणि हाच पेला, तुमच्या गावात, तुमच्या काळात आणून दोन पानं लिहा. ली क्वेईच्या बाजूनं. त्यानं त्या पोराला मारलं होतं हे लक्षात ठेवून. तो पेला उचलताना त्याला वास आला होता का, हे आधी ठरवा.